सव्वा महिन्याच्या आतली तपासणी

बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलं की घरातले सगळे त्याच्या श्वासाची आणि वजनाची काळजी करतात. डोळ्याच्या आत मात्र एक काम अर्ध्यावर राहिलेलं असतं. नेत्रपटलाच्या रक्तवाहिन्या गर्भात सोळाव्या आठवड्याच्या सुमारास मध्यातून निघतात आणि कडेकडे सरकत जातात. नाकाकडची कड त्या साधारण ३६व्या आठवड्यात गाठतात, कानाकडची ४०व्या.

पोटात प्राणवायू कमी असतो. त्या उणिवेमुळेच व्हीईजीएफ हे प्रथिन तयार होतं आणि वाहिन्या पुढे वाढतात. बाळ अवेळी बाहेर आलं, भरपूर प्राणवायू मिळाला, की हे प्रथिन घटतं आणि वाहिन्या आहेत तिथेच थांबतात. पुढे पटलाची गरज वाढते, प्रथिन एकदम उसळतं आणि सीमेवर नाजूक, वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात. त्यांचा व्रण आकसला की पटल ओढलं जाऊन सुटतं. हाच आरओपी, म्हणजे रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी. बोस्टनच्या थिओडोर टेरी यांनी १९४२मध्ये त्याचं वर्णन केलं. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१मध्ये अतिरिक्त प्राणवायूकडे बोट दाखवलं. मग तो सरसकट कमी केला, तेव्हा बाळं दगावू लागली. म्हणून आज तो मोजून देतात.

बाहेरून डोळा निर्मळच दिसतो. बाहुलीत पांढरट झाक दिसेपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो. आपल्या देशात ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोंहून हलक्या बाळाचे डोळे तिसाव्या दिवसापर्यंत तपासायचे असतात. २८ आठवड्यांआतलं किंवा १२०० ग्रॅमहून हलकं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच.

आणि अडचण नेमकी इथे आहे. पुष्कळ घरांत बाळ-बाळंतीण सव्वा महिना उंबरठा ओलांडत नाहीत. समजा, गोव्यातल्या आमोणे गावच्या घरी बाळ दूध पितंय, अंग धरतंय. अशा वेळी पूल ओलांडून खांडोळा, बाणस्तारीमार्गे बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) कशाला न्यायचं, असं आजीला वाटणं स्वाभाविक आहे. तिची माया खरी आहे, पण हा एक दिवस सव्वा महिन्यातून सोडवायलाच हवा. तारीख घरी सोडतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. उपचार लागलेच, तर लेझर किंवा इंजेक्शन दोन-तीन दिवसांत करावं लागतं. एकदा तपासून भागत नाही, वाहिन्या कडेला पोहोचेपर्यंत पुन्हापुन्हा यावं लागतं. अशा मुलांना पुढे लघुदृष्टीचा चष्मा किंवा तिरळेपणा येण्याचा संभव जास्त, म्हणून शाळेच्या वयापर्यंत डोळे तपासत राहावेत.