पैसे कापले गेले, पोहोचले नाहीत, अडकले कुठे?

जळगावात दुकानदाराला यूपीआयने पैसे दिले. खात्यातून कापले गेले, त्याला मिळालेच नाहीत. मधे अ‍ॅप, दोन्ही बँका, एनपीसीआय अशा अनेक यंत्रणा असतात. शिवाय मोठी सॉफ्टवेअर आता अनेक छोट्या, स्वतंत्र सेवांची बनतात. त्यांना 'मायक्रोसर्व्हिसेस' म्हणतात. मग बिघाड शोधायचा कसा?

मेट्रिक्स : जळगावहून धुळ्याला १०० पार्सले निघाली, ९९ पोहोचली. हे झाले मेट्रिक्स. गडबड आहे एवढे कळते.

ट्रेसिंग : प्रत्येक पार्सलच्या क्रमांकाची एरंडोल, पारोळा, धुळे येथे वेळेसह नोंद झाली, तर हरवलेले पारोळ्यापर्यंत आले होते, हे दिसते. सॉफ्टवेअरमध्येही प्रत्येक विनंतीला असाच क्रमांक देतात. त्यासाठी २०१९ पासून 'ओपनटेलिमेट्री' हा मुक्त प्रकल्प सुरू आहे.

तुम्ही काय कराल? यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक जपा. तक्रारीत तो द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार दुकानदाराकडे न पोहोचलेली रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत परत यायला हवी. त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई मिळते.