कंट्रोल झेड नसलेलं फूल

शहरात लहान मुलांच्या वीकेंड वर्कशॉप्सचं नुसतं पेव फुटलंय. पॉटरी झाली, ओरिगामी झाली, आता नंबर लागलाय 'जॅपनीज ब्लॉसम पेंटिंग'चा. काळी फांदी, तिच्यावर गुलाबी ठिपके, कोपऱ्यात लाल शिक्का. दीड तासात फ्रेम करण्याजोगं चित्र तयार, आई-बाबा खूश! चित्र गोड दिसतं, नाही असं नाही. पण ज्या पोरांनी ते काढलं त्यांनी चेरीचं झाड जन्मात पाहिलेलं नसतं. शिकवणाऱ्या ताईंनीही बहुधा नसतंच.

मी पुण्यात नोकरी सांभाळून दोन वर्षं शाईचं पेंटिंग शिकतेय, म्हणून मला हे जरा जास्तच खुपतं. त्यामुळे गेल्या होळीला घरी, फुलचूरला गेले तेव्हा बॅगेत ब्रश आणि कागद टाकूनच निघाले. फुलचूर म्हणजे गोंदियाला चिकटलेलं गाव. इतकं चिकटलेलं की शहर कुठे संपलं ते फक्त ऑटोवाल्याला कळतं. नावात फूल आहेच. (पुढच्या 'चूर'चं काय, ते मला विचारू नका.) भावाची दोन आणि शेजारची चार अशी सहा जणांची गँग जमली. ओसरीवर सतरंजी, चार दुपारी, फी म्हणून रोज एकेक चकली.

आधी थोडं फुलाविषयी. चिनी चित्रकारांचं लाडकं फूल चेरी नाहीच. ते आहे 'मेइहुआ', म्हणजे तिकडचा प्लम. थंडी सरता सरता, झाडावर एकही पान नसताना हे फूल उमलतं. पाच पाकळ्या, खडबडीत काळी फांदी. प्लम, ऑर्किड, बांबू आणि शेवंती यांना तिकडे 'चार सज्जन' म्हणतात आणि शाईचं पेंटिंग शिकणाऱ्याची सुरुवात बहुतेक वेळा या चौघांपासूनच होते. चौदाव्या शतकातला वांग मियान हा चित्रकार याच प्लमसाठी प्रसिद्ध. अठराव्या शतकातल्या एका गाजलेल्या चिनी कादंबरीची सुरुवातच त्याच्यापासून होते : गुरं राखणारा गरीब पोरगा, तळ्यातली कमळं बघून बघून स्वतःच चित्र काढायला शिकतो. ही गोष्ट मी ओसरीवर सांगितली तेव्हा पहिला प्रश्न आला, "मग त्याच्या म्हशी कोन पाहे?" उत्तर मला आजही सुचलेलं नाही.

आता जरा विचार करा. थंडीचा शेवट, निष्पर्ण फांद्या, पाच पाकळ्यांचं फूल... ओळखीचं वाटतंय ना? आपली काटेसावर! गंमत म्हणजे हीच काटेसावर दक्षिण चीनमधल्या ग्वांगझौ शहराचं अधिकृत फूल आहे आणि तिथल्या लिंगनान शैलीच्या चित्रकारांनी ती शाई-रंगात मनसोक्त रंगवली आहे. म्हणजे आपण ज्या परंपरेची नक्कल करायला जातो, तिच्यात आपल्या रस्त्याकडेचं झाड आधीच जाऊन बसलंय.

म्हणून पहिल्या दुपारी चित्र काढलंच नाही. पोरांना घेऊन फांद्या बघायला गेलो. काटेसावर लांबून दिसली, पण उंच. हाताशी आला तो पळस. 'पळसाला पाने तीनच' सगळ्यांना पाठ, पण त्या दिवसांत पळसाला पानं जवळपास नसतातच, हे कुणी नीट पाहिलं नव्हतं. पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. आणि प्रत्येक केशरी फुलाच्या बुडाशी काळपट, मखमली वाटी. शाईवाल्यांसाठी याहून चांगलं फूल शोधून सापडणार नाही बॉस!

दुसऱ्या दुपारी साहित्य मांडलं. अस्सल चिनी शाई म्हणजे काजळी आणि सरस यांची कांडी, दगडावर पाण्यात उगाळायची. आपल्याकडेही पोथ्यांची शाई काजळी आणि डिंकातूनच व्हायची, त्यामुळे आजीला त्यात काडीचंही नवल वाटलं नाही. मी सोयीसाठी बाटलीतली काळी शाई वापरली. कागदाची गोष्ट मात्र ऐकाच. चीनमधला नामांकित श्वान कागद एका झाडाची साल आणि भाताचं तणस यांपासून बनवतात. हे कळल्यावर धानाच्या जिल्ह्यातली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तणस म्हणजे ढोरांचं खाणं, त्याचा कागद?

तंत्र ऐकायला सोपं आहे. ब्रश उभा धरायचा, कोपर जमिनीला टेकवायचं नाही, हात खांद्यापासून हलवायचा. ब्रश आधी पातळ शाईत भिजवायचा, मग फक्त टोक गडद शाईत. दाबला आणि उचलला की एकाच फटक्यात गडद ते फिकं अशी पाकळी उमटते. फांदीसाठी ब्रश कोरडा ठेवून जोरात ओढायचा, म्हणजे मधे मधे पांढरं राहतं आणि साल खरखरीत दिसते. फांदी काढतानाच फुलांसाठी जागा मोकळी सोडायची. आणि पेन्सिल नाही. खोडरबर तर नाहीच नाही. कागद शाई पिऊन टाकतो, एकदा उमटलं ते उमटलं. ऑफिसात दिवसातून शंभरदा कंट्रोल झेड मारणाऱ्या माझ्यासारखीला याची सवय व्हायला सहा महिने लागले होते.

पोरांचं काय झालं? सहा-सात वर्षांच्या दोघांना काही प्रॉब्लेमच नव्हता. धपाधप फुलं! अडली ती दहा वर्षांची शेजारची मुलगी. वर्गात चित्रकलेत पहिली येणारी. ती ब्रश हातात घेऊन पंधरा मिनिटं बसून राहिली. मग म्हणाली, "आत्या, खोडरबर काहून नाही देत?" पहिली पाकळी फाकली तशी तिने कागद चुरगाळला. दुसरा फाडला. तिसऱ्याला डोळ्यांत पाणी.

तिचं वय दहा! आपण सगळेच एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांतून गेलोय. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र... त्या परीक्षांनी नजर दिली, प्रमाण शिकवलं, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण खोडून खोडून कागदाला भोक पाडण्याची सवयही आपण तिथूनच उचलली. रेघ चुकली म्हणजे आपणच चुकलो, असं वाटायला लागतं. मग एक दिवस आपण म्हणतो, 'मला ड्रॉइंग येत नाही', आणि तो विषय कायमचा बंद.

यावर दुसरा रस्ता आपल्याच देशात सापडला होता. १९०३ मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कोलकात्यात आले. १९१६ मध्ये आराई काम्पो जोडासाँकोला आले, त्यांनी तिथल्या चित्रकारांना जपानी ब्रश शिकवला. १९२४ मध्ये रवींद्रनाथांबरोबर नंदलाल बोस चीन-जपान फिरून आले. पण परत येऊन नंदलालबाबूंनी विद्यार्थ्यांना तिकडचे डोंगर गिरवायला लावले नाहीत. ब्रश तिकडचा, बघायचं मात्र बीरभूमचं : तिथले ताड, तिथला पळस, तिथले संथाळ. मूळचे कोल्हापूरचे विनायक मासोजी त्यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे शांतिनिकेतनातच शिकवू लागले. आणि हो, झेन विचारात रमलेले, ऐंशीच्या दशकात कागदावर शाईची छोटी चित्रं काढणारे वासुदेव गायतोंडे जन्मले ते आपल्या नागपुरात, १९२४ सालीच.

तिसऱ्या दुपारी मी एक युक्ती केली. फूल काढायचंच नाही, फक्त ती काळी वाटी. एक दाब, एक ठिपका. पानभर. ठिपका कसा चुकणार? त्या मुलीने चाळीसेक काढले. मग एका ठिपक्याला तिने स्वतःहून चोच जोडली. होळीसाठी आजीने पळसाची फुलं उकळून ठेवली होती, ते पिवळं-केशरी पाणी वाटीत घेतलं. ते कागदावर पसरलं, ठिपक्याबाहेर गेलं. ती क्षणभर थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारी दुसरं फूल काढलं. कागद फाडला नाही.

शेवटच्या दिवशी तिने पुन्हा खोडरबर मागितला, हेही सांगायला हवं. चार दुपारींत कुणी बदलत नाही. भाच्याला तर फुलांचा कंटाळाच आला होता, त्याला सारस काढायचा होता. महाराष्ट्रातले बहुतेक सारस गोंदिया जिल्ह्यातच आहेत, आणि क्रौंच तर जपानी ब्रशचाही लाडका, त्यामुळे नाही म्हणायला तोंड नव्हतं. पाय इतके लांब झाले की डोकं दुसऱ्या कागदावर गेलं. दोन्ही कागद भिंतीवर एकाखाली एक लावलेत.

तुम्हाला घरी करून बघायचं असेल तर महागड्या किटच्या नादी लागू नका. आठ नंबरचा एक गोल ब्रश, काळ्या शाईची बाटली, दोन बशा आणि शाई शोषणारा कोणताही कागद, अगदी कोरा न्यूजप्रिंटही चालेल. पेन्सिल बॉक्स दुसऱ्या खोलीत ठेवा. पळस आणि काटेसावर साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात, म्हणून सुट्टीचा अर्ज आधीच टाका. एप्रिलमध्ये फांद्यांवर नवी पालवी यायला लागते, मग थेट पुढचा फाल्गुन.