मोटारीतला फ्यूज नेमका कोणासाठी?

घरातील २३० व्होल्टांच्या विजेविषयी आपल्या मनात लहानपणापासून जी धास्ती रुजलेली असते, तिचा शतांशही मोटारीच्या १२ व्होल्टांच्या बॅटरीविषयी आपणांस वाटत नाही. आणि तिच्या दोन्ही टोकांना कोरडा हात लागला तरी धक्का बसत नाही हे ठाऊक असल्यामुळे, डॅशकॅम, मोबाइलचा चार्जर, चाकात हवा भरण्याचा पंप, शोभेच्या दिव्यांची पट्टी अशी उपकरणे एकामागून एक गाडीत दाखल होत असताना त्यांच्या वायरी कोठून निघाल्या आणि कोठे जोडल्या, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ही निर्धास्तता अर्धसत्यावर उभी आहे. विजेचा धक्का बसणे हे मुख्यतः व्होल्टांवर अवलंबून असते. वायर तापणे मात्र तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर, म्हणजे अँपिअरवर. घरातली १००० वॉटची इस्त्री जेमतेम साडेचार अँपिअर घेते. उलट मोटारीचा स्टार्टर इंजिन फिरवताना शंभराहून अधिक अँपिअर मागतो, आणि बॅटरी ते विनातक्रार पुरवते. हीच बॅटरी शॉर्ट झाली, तर क्षणार्धात कित्येकशे अँपिअर वाहू लागतात. माणसाच्या हाताला निरुपद्रवी असलेली वीज वायरीलाही निरुपद्रवी असेल, असे गृहीत धरण्याची म्हणूनच सोय नाही.

त्यातही मोटारीची रचना अशी की, बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असते आणि प्रवाहाच्या परतीचा मार्ग म्हणून सबंध सांगाडाच वापरला जातो. त्यालाच कारागीर ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. या व्यवस्थेने तांब्याची मोठी बचत होते, परंतु धन बाजूच्या वायरीचे वेष्टन कोठेही घासून सोलले, तर शेजारचा कोणताही पत्रा शॉर्ट सर्किटला पुरेसा ठरतो. इंजिनाच्या बाजूकडून आत येणारी वायर पत्र्याच्या उघड्या भोकातून न आणता रबरी ग्रोमेटमधूनच आणावी, असा जो दंडक आहे, त्याचे कारण हेच.

आता फ्यूजकडे वळू. फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी असतो, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः त्याची पहिली जबाबदारी वायरीची असते. एक उदाहरण घेऊ. डॅशकॅमला बॅटरीतून अर्धा अँपिअर पुरतो, म्हणून त्याच्यासोबत बारीक, समजा अर्ध्या चौरस मिलिमीटर छेदाची वायर येते. घाईत असलेला कारागीर ती काचा वरखाली करणाऱ्या मोटरच्या वायरीला पिळून जोडतो. त्या वायरीचा फ्यूज असतो ३० अँपिअरचा. रोजच्या वापरात काहीच बिघडत नाही. परंतु पुढे कधी ती बारीक वायर सीटच्या रुळाखाली चेपली जाऊन ३० अँपिअर वाहू लागले, तर तिच्या दर मीटरमागे सुमारे ३० वॉट उष्णता निर्माण होते, आणि सामान्य पीव्हीसी वेष्टन तर ७० अंशांच्या पलीकडे टिकण्यासाठी केलेलेच नसते. फ्यूजच्या हिशेबी सारे कायद्यात चाललेले असते. वायर तेवढी जळते. म्हणून नव्या वायरीला तिच्या कुवतीचा स्वतंत्र फ्यूज हवा. डॅशकॅमला दोन-तीन अँपिअरचा पुष्कळ झाला. शिवाय वायर थेट बॅटरीवरून घ्यायची असेल, तर तो फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवावा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांमधल्या तुकड्याला कोणाचेच संरक्षण नसते.

फ्यूज बॉक्समधून वीज घेण्यासाठी ‘फ्यूज टॅप’ नावाची छोटी तजवीज बाजारात मिळते. तिच्यात मूळ फ्यूज आणि नवा फ्यूज शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे कंपनीचे वायरिंग कापण्याची वेळ येत नाही. मात्र एअरबॅग, ब्रेक किंवा इंजिन-नियंत्रणाच्या फ्यूजला हात लावू नये.

वीज कोणत्या फ्यूजवरून घ्यावी, हाही विचाराचा प्रश्न आहे. काही फ्यूजांना अष्टौप्रहर वीज असते, काहींना केवळ चावी फिरवल्यावर. गाडी उभी असतानाही चित्रण करणारा डॅशकॅम पहिल्या प्रकारच्या फ्यूजवर जोडला आणि तो ०.३ अँपिअर घेत राहिला, तर दिवसाला सुमारे ७ अँपिअर-तास खर्ची पडतात. लहान गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा पाच दिवसांत निकाल लागतो, आणि स्टार्टर तर त्याच्या बराच आधी मान टाकतो. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांत अवस्थेत १२.६ व्होल्टांच्या आसपास असते. ती १२ व्होल्टांच्या जवळ उतरताच पुरवठा आपोआप तोडणारे यंत्र अशा जोडणीत अपरिहार्य समजावे.

जोडाचेही तसेच. वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याची आपल्याकडील पद्धत उन्हाळ्यात बंद गाडीच्या उष्म्यापुढे टिकत नाही. डिंक पाघळतो, पट्टी सुटते आणि जोड सैल होऊन तापू लागतो. योग्य मापाचा लग पकडीने दाबून बसवलेला जोड धक्क्यांतही घट्ट राहतो. अर्थची वायरसुद्धा रंगावर न टेकवता, मूळ बोल्टाखाली स्वच्छ धातूला भिडवावी. काचेलगतच्या खांबात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल, तर डॅशकॅमची वायर तिच्या पुढून न नेता मागून न्यावी. अन्यथा अपघाताच्या क्षणी तीच एअरबॅगच्या मार्गात आडवी येईल.

काम संपल्यावर कोणती वायर कोणत्या फ्यूजवरून घेतली, तो किती अँपिअरचा आहे आणि अर्थ कोठे दिला, एवढा तपशील कारागिराकडून लिहून घेऊन गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. पुढे कधी फ्यूज उडाला, तर त्याच अंकाचा दुसरा घालून पाहण्यास हरकत नाही. परंतु तोही उडाला, तर वायरीत किंवा उपकरणात दोष आहे अशी ती स्पष्ट साक्ष समजावी, आणि मोठ्या अंकाचा फ्यूज किंवा तांब्याचा धागा घालून त्या साक्षीदाराचे तोंड बंद करण्यापूर्वी दोष शोधून काढावा.