झुंज बैलांची, हार कायद्याची

कायदा मोडणारा माणूस बहुधा आडोसा शोधतो. गोव्यातील धिरयो मात्र उघड्या शेतात, दिवसाढवळ्या आणि शेकडो प्रेक्षकांच्या साक्षीने रंगतात. भातकापणी आटोपली, की सासष्टीतील मोकळ्या शेतांत बैलांच्या किंवा रेड्यांच्या जोड्या एकमेकांसमोर उभ्या केल्या जातात, त्यांच्यावर पैजा लागतात. पूर्वी तोंडोतोंडी फिरणारी वार्ता आता मोबाईलवरून क्षणात गावोगाव पोहोचते. जी वार्ता पलीकडच्या तालुक्यातील शौकिनाला कळते, ती गावच्या पोलीस ठाण्यालाच तेवढी कळत नाही, हे कोणी मानावे?

या झुंजींवर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १९९६च्या डिसेंबरमध्ये बंदी घातली. त्याच वर्षी सासष्टीतील एका धिरयोत उधळलेल्या बैलाने एका प्रेक्षकाचा बळी घेतला होता. सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ साली जलीकट्टूसंबंधीच्या निकालात, प्राण्यांना झुंजीस प्रवृत्त करणे हा गुन्हाच आहे, असे निःसंदिग्धपणे बजावले. तेव्हा आदेशांची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती आदेश गावाच्या वेशीपर्यंत नेऊन पोहोचविणाऱ्या इच्छाशक्तीची.

धिरयोचे समर्थक परंपरेचा दाखला देतात आणि मालकाच्या मायेचाही. ही माया खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. झुंजीचा बैल पोटच्या पोरासारखा पोसला जातो, त्याला निवडक चारा मिळतो, त्याचे अंग चोळले जाते, समुद्रावर नेऊन त्याला न्हाऊ घातले जाते. पण हे सारे लाड ज्या घटकेसाठी चालतात, त्या घटकेला त्याचे शिंग मोडते, डोळा फुटतो, क्वचित प्रतिस्पर्ध्याचे शिंग पोटात घुसते. पाठ फिरवून पळू पाहणारा बैल हरला, एवढाच या खेळाचा नियम. पळून जाण्याची त्या मुक्या जिवाची इच्छा हीच जिथे पराभवाची खूण मानली जाते, तिथे तो स्वखुशीने लढतो, हा युक्तिवाद टिकत नाही.

कायदा दुबळा आहे, ही दुसरी सबब. ती अर्धीच खरी आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्यास जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड ठरविला, आणि पुढील सहा दशके हा आकडा जागचा हलला नाही. ज्या मैदानावर हजारोंची पैज लागते, तिथे पन्नास रुपयांचे भय कोणाला वाटणार? परंतु त्याच कायद्याची पुढील पाने कोणी उलटतो काय? झुंज भरविणे, तिच्यासाठी जागा वापरू देणे, प्रेक्षकांकडून प्रवेशाचे पैसे घेणे, हे सारे दखलपात्र गुन्हे आहेत. तेथे पोलिसांना न्यायालयाच्या वॉरंटची वाट पाहावी लागत नाही. शिपायाहून वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी जनावर तपासणीसाठी ताब्यात घेऊ शकतो. न्यायदंडाधिकारी त्याला उपचारासाठी पशुआश्रयस्थानी पाठवू शकतात आणि त्या पोषणाचा व औषधपाण्याचा खर्च मालकाकडून वसूल होतो. गुन्हा शाबीत झाल्यावर, जनावर मालकाकडे ठेवल्यास त्याचे पुन्हा हाल होतील असे न्यायालयाला वाटल्यास, मालकीदेखील जाऊ शकते. पन्नास रुपये हसत मोजणारा मालक आपला नावाजलेला बैल गमावण्याच्या कल्पनेनेच जागा होईल. त्याशिवाय, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार प्राण्याला ठार मारणे किंवा जायबंदी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

मग घोडे अडते कुठे? ते अडते गावात. तक्रार करणारा आणि झुंज भरविणारा एकाच वाड्यावरचे. दोघांची शेते लागून, दोघांची देवळे-इगर्जी एकच. साक्ष दिली तर उद्यापासून पाणी-वाटेचे वैर. पंचायतीला मतांची चिंता. पोलीस येतात ते पांगापांग झाल्यावर. पंचनाम्यात रिकामे शेत लिहिले जाते. खेरीज, या कायद्याखालील खटला गुन्ह्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. चालढकल करणाऱ्यास याहून सोयीची मुदत कोणती? आणि जप्त बैल ठेवावा कुठे, हा प्रश्न विचारला की सारेच खाली पाहतात. ही केवळ धिरयोची कथा नव्हे. लंगड्या बैलावर ओझे लादणारा, गुरे कोंबून ट्रक हाकणारा, मोकाट कुत्र्यांना विष घालणारा, हे सर्व याच मौनाच्या आश्रयाने सुटतात.

२०२५च्या पावसाळी अधिवेशनात मात्र धिरयो कायदेशीर कराव्यात, अशी मागणी आमदारांनी पक्षभेद विसरून केली. तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांनी कायद्यात केलेल्या दुरुस्त्या सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरविल्या, हा त्यांचा आधार. पण त्या दुरुस्त्या जलीकट्टू, कंबळा आणि बैलगाडा शर्यती यांसाठी होत्या. तिथे बैल पळतो किंवा माणूस त्याच्याशी बळ आजमावतो. इथे जनावराला जनावराच्या अंगावर घातले जाते. हा फरक बारीक नाही. शिवाय, पंचवीसहून अधिक वर्षे राजरोस मोडलेला कायदा, तो मोडला जातो म्हणूनच रद्द करावा, हा पायंडा पडला तर उद्या कोणता कायदा शिल्लक राहील?

सरकारला नवे काही करायचे नाही. प्रत्येक तालुक्यात जप्त जनावरांसाठी आश्रयस्थान उभारावे, पशुसंवर्धन खात्याचा वैद्य पोलिसांसोबत पाठवावा, झुंजीला शेत देणाऱ्यावर पहिली नोटीस बजावावी आणि तीन महिन्यांच्या आत आरोपपत्र न पोहोचल्यास संबंधित अधिकाऱ्यास जाब विचारावा. सजीवांविषयी करुणा बाळगणे हे राज्यघटनेने नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. ज्या बैलाने नांगर ओढून आपल्या ताटात भात वाढला, त्याचे रक्त त्याच शेतात सांडू न देणे, एवढे तर आपण त्याचे देणे लागतो.