कुतचा वेढा आणि ‘क’ जीवनसत्त्व

तैग्रिस नदीच्या वळणावर, आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा हे गाव आहे. पहिल्या महायुद्धात, ७ डिसेंबर १९१५ रोजी, तुर्की फौजेने त्याला वेढा घातला, तेव्हा आत अडकली होती ब्रिटिश जनरल टाउनशेंड यांची सहावी पूना डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. बाहेरून सुटकेचे प्रयत्न झाले, ते फसले. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी फौजेने शस्त्रे खाली ठेवली.

या वेढ्यात वैद्यकाच्या अभ्यासकांना चक्रावून टाकणारी एक गोष्ट घडली. गाव एक, नदीचे पाणी एक, तोफांचा मारा एक. पण गोरे सैनिक बेरीबेरीने आजारी पडू लागले आणि हिंदी सैनिक स्कर्व्हीने. कारण होते ताटात. गोऱ्यांचा पाव मैद्याचा. कोंड्याबरोबर त्यातले ‘ब-१’ जीवनसत्त्वही निघून गेलेले, म्हणून बेरीबेरी. हिंदी जवानांचे पीठ कोंड्यासकट, त्यामुळे ते त्यातून वाचले. पुढे रसद आटली, घोडे-खेचरे कापायची वेळ आली, तेव्हा गोऱ्यांनी ते मांस खाल्ले. ताज्या मांसात थोडे का होईना ‘क’ जीवनसत्त्व असते. तेवढ्यावर ते स्कर्व्हीपासून बचावले. हिंदी जवानांनी मात्र घोड्याचे मांस धर्मापायी नाकारले, तेही वेढा शेवटाला येईपर्यंत. भाजी नव्हती, फळ नव्हते. हिरड्या सुजून त्यांतून रक्त येऊ लागले, दात हलू लागले, पायांवर काळेनिळे डाग उमटले.

स्कर्व्हीला इराकच्या वाळवंटातच यायचे कारण नव्हते. तो मुळात दर्यावर्दी लोकांचा शाप. वास्को द गामा परत निघाला तो ऑक्टोबर १४९८ मध्ये गोव्याच्या दक्षिणेला असलेल्या अंजदीव बेटावरून. वारा पडला आणि अरबी समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले. वाटेत सुमारे तीस खलाशी स्कर्व्हीने गेले. आफ्रिकेचा किनारा लागला तेव्हा प्रत्येक जहाजावर काम करण्याजोगी सात-आठच माणसे उरली होती. तिन्ही जहाजे हाकायला हात पुरेनात, म्हणून एक जहाज जाळून टाकावे लागले.

उपाय सापडायला आणखी अडीचशे वर्षे गेली. मे १७४७ मध्ये ‘सॅलिस्बरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या डॉक्टरने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळे औषध दिले. कुणाला सफरचंदाची दारू, कुणाला व्हिनेगर, कुणाला चक्क समुद्राचे पाणी. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. फळांचा साठा सहा दिवसांत संपला, पण तेवढ्यात त्या दोघांपैकी एक जण कामावर रुजू होण्याइतका सावरला होता. तरीही ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस द्यायला १७९५ साल उजाडावे लागले. खुद्द लिंडनेही रस टिकावा म्हणून तो तापवून आटवण्याची शिफारस केली होती. आटवताना नेमके हवे तेच नाहीसे होते, हे त्या काळी कुणाला ठाऊक असणार?

नेमके काय हवे, ते १९३०च्या दशकात कळले. हंगेरीतल्या सेगेद शहरात अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी तिथल्या लाल मिरच्यांतून, म्हणजे पाप्रिकातून, ते भरपूर प्रमाणात वेगळे काढले. त्यांना १९३७ चे नोबेल मिळाले. रसायनाचे नाव पडले ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे स्कर्व्ही होऊ न देणारे.

शरीरात त्याचे मुख्य काम कोलॅजेन पक्के करण्याचे. त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्या, हाडे या सगळ्यांना धरून ठेवणारे हे प्रथिन दोरखंडासारखे तीन पदरांचे असते. ‘क’ जीवनसत्त्व नसेल तर पदरांना पीळच नीट बसत नाही. मग बारीक रक्तवाहिन्या फुटतात, जखमा भरत नाहीत. कुत्रा, गाय, शेळी यांना याची फिकीर नसते; ते आपले ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच बनवतात. माणूस, वानरे, गिनीपिग आणि काही वटवाघळे यांच्यात ते बनवणारे जनुक निकामी झालेले आहे.

साठा संपायला किती दिवस लागतात? बोस्टनमधल्या जॉन क्रँडन या तरुण शल्यविशारदाने १९३९ मध्ये हे स्वतःवरच करून पाहिले. ‘क’ जीवनसत्त्व अजिबात नसलेला आहार त्याने सहा महिने घेतला. तीन महिन्यांनी पाठीवर छेद घेऊन पाहिला, तर जखम व्यवस्थित भरली. सहा महिन्यांनी पुन्हा छेद घेतला. या वेळी वरची त्वचा जुळली, खाली मात्र नुसते गोठलेले रक्त. मग शिरेतून ‘क’ जीवनसत्त्व दिले आणि तीच जखम भरून आली.

गरज तशी अगदी थोडी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफिल्डला स्वयंसेवकांवर प्रयोग झाला. त्यात रोज १० मिलिग्रॅम स्कर्व्ही टाळायला पुरले. सुरक्षित अंतर राखून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढ पुरुषाला रोज ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम सुचवले आहे. शंभर ग्रॅम पेरूत दोनशेहून अधिक मिलिग्रॅम असते, आवळ्यात अडीचशेच्या आसपास. लिंबू आणि संत्रे, ज्यांचा एवढा बोलबाला, ती दोन्ही पन्नासच्या आतबाहेर.

आता कुतकडे पुन्हा वळू. हिंदी सैनिकांच्या शिध्यात डाळ होती, पण भरडलेली. भरडलेल्या डाळीला मोड येत नाहीत. अख्ख्या कडधान्यात कोरडे असताना ‘क’ जीवनसत्त्व नसल्यातच जमा. भिजवून मोड आले की ते त्यात नव्याने तयार होते. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी बायकांनी पहिल्या महायुद्धातच गिनीपिगांवर हे दाखवून दिले आणि फौजेला सल्ला दिला: अख्खे मसूर भिजवा, मोड आणा, शिजवा ते अगदी थोडा वेळ. त्याच सुमारास स्कर्व्ही झालेल्या सर्बियन सैनिकांवर मोड आलेल्या घेवड्याचा प्रयोग झाला. घेवडा लिंबाच्या रसापेक्षाही सरस ठरला. फडक्यात बांधून ठेवलेली मटकी ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होती, तिथल्या जवानांना भरडलेली डाळ पुरवली गेली, याला दुर्दैव म्हणायचे की शिधाखात्याचे अज्ञान, ते ज्याने त्याने ठरवावे.

गोळ्यांचे वेड त्यानंतरचे. दोन नोबेल मिळवणाऱ्या लायनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये पुस्तक लिहून, मोठ्या मात्रेने सर्दी टळते असे ठासून सांगितले. त्यांचे नाव मोठे, म्हणून बाजार फुगला. पुढच्या चाचण्यांचे गठ्ठे पाहिले तर सर्वसामान्य माणसाची सर्दी रोजच्या गोळीने टळत नाही; मोठ्यांमध्ये तिचा मुक्काम सुमारे ८ टक्क्यांनी कमी होतो, इतकेच. सर्दी झाल्यावर गोळी सुरू केली तर खात्रीलायक फायदा दिसत नाही. मॅरेथॉन धावणारे, कडाक्याच्या थंडीत कसरत करणारे सैनिक अशांना मात्र खरोखर उपयोग दिसला. कर्करोगावरचा पॉलिंग यांचा दावा मेयो क्लिनिकच्या चाचण्यांत टिकला नाही. करोनाच्या काळात आपल्याकडे औषधांच्या दुकानांतून आंबट गोळ्यांची पाकिटे गायब झाली होती; पुढे झालेल्या चाचणीत त्यांनी आजार लवकर बरा झाला नाही. शरीर हजार मिलिग्रॅममधले निम्म्याहून कमी शोषते आणि जादा झालेले लघवीवाटे बाहेर टाकते. शिवाय मोठ्या मात्रेने ऑक्झलेट वाढते, म्हणून मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नये.

अतिरेक एकीकडे, उणीव दुसरीकडे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत साठीपुढच्या लोकांचे रक्त तपासले, तेव्हा उत्तर भारतातल्या ठिकाणी सुमारे ७४ टक्के आणि दक्षिणेतल्या ठिकाणी ४६ टक्के लोकांत ‘क’ जीवनसत्त्व कमी आढळले. तंबाखू ओढणे आणि चघळणे या दोन्हींचा त्याच्याशी संबंध दिसला. स्कर्व्ही आज क्वचितच दिसते, पण दिसते: एकटे राहून चहा-टोस्टावर दिवस काढणाऱ्या वृद्धांत, दारूच्या आहारी गेलेल्यांत, दोन-तीनच पदार्थ खाणाऱ्या हट्टी मुलांत.

तेव्हा घरात असे कुणी असेल तर गोळ्यांआधी ताट पाहावे. दात नसतील तर पेरू मऊ बघून घ्यावा. लिंबू वरणभातावर पिळावे, तेही भात ताटात वाढल्यावर, कारण उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व नाश पावते. लिंबाने पालेभाजीतले लोहही जास्त अंगी लागते. मोड आलेली मटकी थोडी न शिजवता कोशिंबिरीत घालावी. आणि हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, जखम न भरणे हे एकत्र दिसले, तर दुकानातून आंबट गोळ्या न आणता डॉक्टरांकडे जावे.