आटलेली आमटी आणि काचेतलं समुद्रफूल

१८२८ साली सर जॉन डॅलिएल या स्कॉटिश निसर्ग-अभ्यासकाने नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल, म्हणजे सी अ‍ॅनिमोन, उचलून एडिंबरोला आणलं आणि काचेच्या बरणीत ठेवलं. डॅलिएल १८५१ मध्ये वारले. बरणी एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली. ‘ग्रॅनी’ म्हणून ओळखला जाणारा तो जीव १८८७ पर्यंत जगला. ना फिल्टर, ना पंप. फक्त समुद्राचं पाणी नेमाने बदललं जाई.

आज हजारो रुपयांची यंत्रं लावलेल्या टाकीत समुद्रफूल काही महिन्यांतच मान टाकतं, असं अनेकदा घडतं. तुलना थोडी अन्यायाची आहे. ग्रॅनी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली होती. ऊन-पाऊस झेलायची तिच्या जातीला सवय असते. दुकानात मिळणारी, क्लाउनफिशला घर देणारी समुद्रफुलं प्रवाळखडकांवरची. तिथलं पाणी वर्षभर जवळपास सारखंच खारं असतं, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार. या मापाला ३५ पीपीटी म्हणतात.

समुद्रफुलाला मूत्रपिंडं नसतात, जाड कातडी नसते. बाहेर जेवढा खारेपणा, जवळपास तेवढाच आत. काकडीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं आणि साध्या पाण्यात टाकलेले बेदाणे टरारून फुगतात. समुद्रफुलाच्या पेशींचं तेच होतं. बदल सावकाश झाला तर थोडंफार जुळवून घेता येतं. तासाभरात झाला तर नाही.

आता टाकीतलं पाणी खारट का होतं, ते स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आमटी आटली की खारट होते, कारण वाफ पाण्याची होते, मिठाची नाही. २०० लिटरच्या टाकीत ३५ पीपीटीने ७ किलो क्षार असतात. रोज तीन लिटर पाणी उडालं, तर चार दिवसांत उरलेल्या १८८ लिटरचा खारेपणा ३७ च्या वर जातो. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्याने करायची, खाऱ्या नव्हे. तेही आरओचं हवं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. काचेवर खुणेची चिकटपट्टी लावून रोज तिथवर पाणी भरणं, एवढा साधा उपाय बहुतेकांना पुरतो.

आपल्याकडे यात ऋतूंची भर पडते. एप्रिल-मेमध्ये पाणी गार ठेवायला टाकीवर पंखा लावतात. पाणी गार होतं ते वाफ झाल्यामुळेच, त्यामुळे खारेपणा झपाट्याने चढतो. जुलैच्या दमट हवेत वाफ कमी होते. उन्हाळ्याच्या हिशेबाने रोज तीन लिटर ओतायची सवय लागलेला माणूस पावसाळ्यात नकळत समुद्र पातळ करत असतो.

मोजमापातही फसगत असते. काटा वर-खाली होणाऱ्या स्वस्त हायड्रोमीटरच्या काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले, की आकडा चढा दिसतो आणि माणूस विनाकारण गोडं पाणी घालतो. रिफ्रॅक्टोमीटर बरा, पण तोही ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर अधूनमधून जुळवून घ्यावा लागतो. समुद्रफूल आक्रसलेलं दिसलं की आधी उपकरण तपासायचं, मग पाणी.

चूक सापडली की हात शिवशिवतात. तिथेच खरं नुकसान होतं. २०० लिटरमध्ये खारेपणा ३८ झाला असेल, तर रोज साधारण पाच लिटर पाणी काढून तेवढंच आरओचं पाणी थोडंथोडं सोडायचं. दिवसाला एक पीपीटी उतरतो, तीन दिवसांत काम होतं. कमी झाला असेल तर उडालेल्या पाण्याच्या जागी काही दिवस खारं पाणी भरायचं. मीठ मात्र थेट टाकीत कधीच टाकू नये. न विरघळलेला खडा अंगावर पडला तर मऊ पेशी भाजतात. वेगळ्या बादलीत पंप लावून पाणी रात्रभर ढवळू द्यावं आणि तापमान जुळवून मगच वापरावं. बादलीत हात घालण्याआधी विजेची बटणं बंद. खारं पाणी आणि वीज यांची गाठ वाईट.

आणखी एक सापळा माशांच्या औषधांचा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात किंवा पाण्याचा खारेपणा मुद्दाम बराच उतरवतात. मासा तगतो, समुद्रफूल मरतं. आजारी मासाच दुसऱ्या टाकीत हलवावा.

अंग मिटून घेतलेलं प्रत्येक समुद्रफूल आजारी नसतं. आतलं जुनं पाणी बाहेर टाकण्यासाठी ते अधूनमधून रिकाम्या पिशवीसारखं होतं आणि काही तासांत पुन्हा फुलतं. काळजीची लक्षणं वेगळी: तोंड सताड उघडं, पाय दगडाला न चिकटणं, सतत भटकणं. भटकताना ते पंपाच्या तोंडात ओढलं जाऊन त्याच्या चिंधड्या होतात, म्हणून तिथे स्पंज लावतात. ताणात असताना खाऊ घालायची घाई नको. न पचलेलं अन्न बाहेर पडून पाणी बिघडतं. अंग विरघळू लागून कुजका वास आला, तर भावना बाजूला ठेवून ते लगेच काढायचं, नाहीतर त्यातून सुटणारा अमोनिया शेजारच्या माशांनाही नेतो.

खरेदी करताना पांढऱ्याशुभ्र समुद्रफुलाला भुलू नये. ‘दुर्मीळ’ म्हणून खपवलं जाणारं ते पांढरेपण बहुधा उपासमारीचं असतं. समुद्रफुलाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडातून अन्न बनवून यजमानालाही देतं; ताण आला की हे शैवाल निघून जातं. गडद पिवळी-गुलाबी समुद्रफुलं तर कधीकधी चक्क रंगवलेली असतात.

सावरायला आठवडे, कधी महिने लागतात. आधी पाय दगडाला घट्ट धरतो, मग तोंड मिटतं, मग कोळंबीचा बारीक तुकडा आत घेतला जातो. सगळ्यात शेवटी शैवाल परततं आणि त्याच्याबरोबर तो मातकट तपकिरी रंग येतो, ज्याकडे दुकानात कुणी ढुंकूनही पाहत नाही.