कॅसेटची एक बाजू

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. कर्करोगावरचे उपचार संपून तिला तीन महिने झाले. नोकरीवर रुजू व्हायला अजून सहा आठवडे आहेत. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर तिने हळूच विषय काढला.

"मावशी, आमच्या इथल्या वाचनालयात पुस्तकं लावायला माणूस हवंय. आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास. पैसे नाहीत. मी जाऊ का? ऑफिसात कळलं तर म्हणतील, तिथे जाता येतं, मग इथे का नाही?"

मला हसू आले. हाच प्रश्न 1997 साली माझ्या घरात विचारला गेला होता, आणि तोही थेट स्वयंपाकघरातून.

तेव्हा मी सांगलीला एका बँकेच्या शाखेत अधिकारी होते. पाठदुखी म्हणून सहा महिने मलमे चोळून काढली आणि शेवटी निदान झाले ते मणक्याच्या क्षयाचे. दोन महिने पाठीवर पडून, मग कमरेपासून बगलेपर्यंत घट्ट पट्टा, आणि रोज सकाळी मूठभर गोळ्या. त्यातल्या एका गोळीने लघवी केशरी होते हे आधी कुणी सांगितले नव्हते. पहिल्या दिवशी मी घाबरून रडले होते. गोळ्या दीड वर्ष चालणार होत्या. चार महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "आता चालायचं आणि बसायचं. पण दोन्ही हळूहळू वाढवायचं."

रजेचे हिशेब आम्हा बँकवाल्यांना तोंडपाठ. नोकरीच्या दर वर्षामागे 30 दिवस आजारपणाची रजा, सगळ्या नोकरीत मिळून 18 महिने, तीही अर्ध्या पगारावर. पूर्ण पगार हवा असेल तर रजा दुपटीने खर्ची पडणार. म्हणजे नियमात अर्धा पगार होता, अर्धा दिवस मात्र नव्हता. एक तर घरी आडवे पडायचे, नाही तर डॉक्टरांचा दाखला घेऊन एकदम अख्खा दिवस खुर्चीत बसायचे. या दोहोंच्या मधली पायरीच कुणी बांधलेली नव्हती.

ती पायरी मला गल्लीच्या टोकाला सापडली. तिथे अंध मुलांचे एक छोटे वसतिगृह होते. बारावीच्या अर्थशास्त्राचे पुस्तक कॅसेटवर वाचून देणारे कुणीतरी त्यांना हवे होते. घरापासून दोनशे पावले. डॉक्टरांनी सांगितलेले चालणेही होणार होते आणि बसणेही. मी हो म्हटले.

कॅसेट साठ मिनिटांची. एका बाजूला अर्धा तास. पहिल्या दिवशी अकराव्या मिनिटाला पाठीतून कळ आली आणि मी बटण दाबून यंत्र बंद केले. जुन्या डायरीत आकडा लिहिला : 11. पुढे 14, मग 12, मग 19. तिसऱ्या आठवड्यात एक अख्खी बाजू एका बैठकीत झाली. त्या दिवशी मी घरी पेढे मागवले.

"कशाबद्दल?" सासूबाईंनी विचारले.

"आई, मी अर्धा तास बसले."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बँकेत जायला होत नाही, आणि फुकटचं वाचायला बरं होतं!"

मला फार लागले ते. पण आज, त्यांच्या वयाच्या जवळपास पोचल्यावर, त्यांची बाजू मला दिसते. माझ्या आजारपणात दोन वेळचा स्वयंपाक आणि दोन मुलांच्या शाळा त्यांनीच सांभाळल्या होत्या. घरात एक भांडे न उचलणारी सून बाहेर जाऊन परोपकार करते, हे त्यांना कसे रुचावे? दुसऱ्या दिवसापासून मी बसल्या बसल्या भाजी निवडून द्यायला लागले. कुरकुर थांबली नाही, कमी झाली.

त्या वाचनाने मला नुसते बसायला शिकवले असे नाही. आजारी माणसाला सगळे जण एकच प्रश्न विचारतात : आता कसे वाटते? महिनोन् महिने मी त्या प्रश्नाचे उत्तर होऊन राहिले होते. वसतिगृहातल्या एका मुलाने मला वेगळाच प्रश्न विचारला. "ताई, कालच्या कॅसेटमध्ये तुम्ही आकृती सोडून दिलीत. मागणीची रेषा खाली उतरते, म्हणजे कुठून कुठे?" माझी चूक काढणारे कुणीतरी भेटले होते! मी त्याच्या तळहातावर बोटाने ती रेषा काढून दाखवली : किंमत चढली की मागणी उतरते. पुढच्या कॅसेटपासून प्रत्येक आकृती शब्दांत सांगायची सवय मी लावून घेतली. बँकेत मी कोण होते हे त्या मुलाला ठाऊक नव्हते, आणि मी आजारी आहे हे त्याला दिसत नव्हते.

मग व्हायचे तेच झाले. कुणीतरी मला तिथे पाहिले आणि शाखेत बातमी पोचली. रजेच्या काळात आपण अन्यत्र काम करता असे समजते, खुलासा करावा, असे पत्र आले. ती रात्र मी जागून काढली. सकाळी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या : रुग्णास रोज थोडे चालण्याचा व मर्यादित वेळ बसण्याचा सल्ला मी दिला आहे, हे वाचन विनामूल्य असून त्याला धरूनच आहे. प्रकरण मिटले. पण ते पत्र मी आधीच पाठवले असते तर ती रात्र वाचली असती.

गंमत अशी की, क्षयरोग्यांच्या बाबतीत ही मधली पायरी फार जुनी आहे. इंग्लंडमधल्या फ्रिमली येथील आरोग्यधामात डॉ. मार्कस पॅटर्सन यांनी 1905 पासून रुग्णांना चढत्या क्रमाने काम द्यायला सुरुवात केली. आधी चालणे, मग टोपलीतून माती वाहणे, मग लहान फावडे, मग मोठे, शेवटी कुदळ. 1918 साली पॅपवर्थला क्षयरोग्यांची एक वसाहतच उभी राहिली. तिथे राहायचे, झेपेल तेवढे काम करायचे आणि त्याचा मोबदला घ्यायचा. आयसोनियाझिड हे गुणकारी औषध 1952 साली हाती आले, पुढे आरोग्यधामे ओस पडली, आणि त्यांच्याबरोबर ही पायरीही विस्मरणात गेली.

काही देशांनी ती पुन्हा बांधली आहे. जर्मनीत 'हॅम्बुर्ग पद्धत' म्हणून ओळखली जाणारी सोय आहे. रुग्ण रोज दोन-चार तासांपासून सुरुवात करून आठवड्या-आठवड्याने वेळ वाढवतो. त्या काळात कागदोपत्री तो आजारीच असतो आणि आजारपणाचा भत्ता चालू राहतो. ब्रिटनमध्ये 2010 पासून डॉक्टरच्या दाखल्यावर 'काम करण्यास अयोग्य' याखेरीज 'अमुक सोयी केल्यास कामास योग्य' असाही पर्याय असतो. कमी तास, बदललेले काम वगैरे. आपल्याकडच्या 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यातले 64 वे कलमही वाचण्यासारखे आहे. आजारपणाचा लाभ घेणाऱ्याने बरे होण्यात अडथळा येईल असे काही करू नये, असे त्यात म्हटले होते. काहीच करू नये, असे म्हटलेले नव्हते.

म्हणून मी भाचीला म्हटले, "जा. पण आधी डॉक्टरांना विचार. त्यांनी हो म्हटलं की ऑफिसला स्वतःहून लेखी कळव. किती तास, कसलं काम, पैसे नाहीत, सगळं. चोरून केलेलं चांगलं कामही चोरीसारखंच दिसतं. वाचनालयालाही सांग, की एखाद्या दिवशी नाही जमलं तर येणार नाही. आणि तास लिहून ठेव. पुढे ऑफिसात कमी वेळाची सवलत मागायची झाली, तर ती वही तुझ्या बाजूने बोलेल."

एक गोष्ट मात्र तिला फोनवर सांगितली नाही. ती इथे सांगते.

1998 च्या फेब्रुवारीत मी रुजू झाले. तोवर दोन तास सलग बसता येत होते. अख्ख्या दिवसासाठी ते पुरेसे नव्हते. मी नसताना शाखेत संगणक आला होता, आणि माझ्या हाताखालची मुले मला शिकवत होती. संध्याकाळी घरी येऊन मी जी आडवी व्हायची ती सकाळीच उठायची. अर्थशास्त्राचे पुस्तक मी विसरले नव्हते; मनाच्या मागे ढकलले होते. तीन प्रकरणे राहिली होती. मला हवे ते मला मिळाले होते. मी बसू लागले होते.

दहाव्या दिवशी शाखेत फोन आला. "ताई, परीक्षा जवळ आलीय. उरलेले तीन धडे कधी देताय?" आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच मान खाली गेली.

त्या रात्री पाठ इतकी भरून आली होती की बसणे शक्य नव्हते. मी ओट्यावर पुस्तक उघडले, टेपरेकॉर्डर ठेवला आणि उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. थोड्या वेळाने सासूबाई उठून आल्या. मला वाटले, आता बोलणी बसणार. त्यांनी नळ नीट बंद केला, खिडकी लोटली आणि दारातल्या पाटावर बसून राहिल्या. बाजू संपून बटण खटकन वर आले, तेव्हा त्यांनीच विचारले, "दुसरी बाजू आज, की उद्या?"